नागपूर–मुंबई दीड तास? हिशोब वरठीपासून लावा!

"सर, नागपूरहून मुंबई विमानानं दीड तासावर आहे, मग खरेदीला रेल्वेनं कशाला जायचं?" ट्रेनिंगच्या जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. माझं मत स्पष्ट आहे : नवीन दुकानदारानं या दीड तासाच्या नादी लागू नये.

दीड तास खोटा नाही. पण तो सोनेगावच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचा. आपलं दुकान वरठीत आहे भाऊ! इथून विमानतळावर पोचायला दीड-दोन तास. तिथं दीड तास आधी हजर राहा. उतरल्यावर बाहेर पडायला अर्धा तास, आणि मंगलदास मार्केटपर्यंत टॅक्सीनं तास-सव्वा तास. झाले की नाही सहा-सात तास? सकाळचं विमान असेल तर घरून मध्यरात्रीनंतरच निघायचं, ते वेगळंच.

आता रेल्वे. नागपूर ते मुंबई रेल्वेनं 837 किलोमीटर. भंडारा रोड स्टेशन तर आपल्या वरठीतच आहे. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये दुपारनंतर बसलो की साधारण पंधरा तासांनी, सकाळी, सीएसएमटी. तिथून क्रॉफर्ड मार्केट पायी. त्यातले सात-आठ तास तर झोपेतच जातात.

तरी विमानानं दुकानाचा एक दिवस वाचतो, हे मी मान्य करतो. सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. रेल्वेनं जाता-येताचे दोन अर्धे दिवस जातात. मग प्रश्न उरतो, तो एक दिवस किती रुपयांचा?

इथंच बहुतेक जण गडबडतात. म्हणतात, "माझा दिवसाचा गल्ला आठ हजार, विमानाचे जास्तीचे सात हजार, म्हणजे फायदाच!" अहो, गल्ला म्हणजे नफा नव्हे. आठ हजारांवर पंधरा टक्के मार्जिन धरलं तर हाती येतात 1,200. म्हणजे 1,200 वाचवायला 7,000 घालवले. आणि दुकानावर घरचं कोणी बसत असेल, तर ते 1,200 पण पूर्ण बुडत नाहीत. (आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे स्वतःचे टाकून बघा.)

शिवाय माल? देशांतर्गत विमानात चेक-इन सामान साधारण 15 किलो. तेवढ्यात साड्यांचा एक गठ्ठाही बसणार नाही. माल ट्रान्सपोर्टनंच येणार, विमानानं फक्त तुम्ही येणार.

विमान कधी घ्यावं? मोठ्या ऑर्डरची मीटिंग ठरलेल्या तारखेला असेल, किंवा ऐन दिवाळीत दुकान बंद ठेवणं परवडत नसेल, तेव्हा बिनधास्त घ्या. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण सुरू झाला, पण 701 किलोमीटर गाडी चालवून थेट खरेदीला उभं राहणं मला तरी पटत नाही.

आणि जाण्याआधी एक भागाकार करा. ट्रिपचा खर्च 12,000 आणि माल 300 नग, तर प्रत्येक नगावर 40 रुपये चढले. मुंबईचा भाव नागपूरच्या गांधीबागपेक्षा 40 रुपयांनी तरी कमी आहे का? नसेल, तर सकाळच्या गाडीनं गांधीबागला जा, संध्याकाळी दुकान उघडा.