विश्लेषण : जुन्या कारचा एसी कॉम्प्रेसर बदलताना गाडीचे नाव पुरेसे का नसते?

एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा या पट्ट्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत १२-१५ वर्षे जुन्या कारचा एसी बंद पडला, की ‘कॉम्प्रेसर गेला, बदलावा लागेल’ हे वाक्य हमखास कानी पडते. कारच्या एसीतील हा सर्वांत महागड्या भागांपैकी एक. चुकीचा कॉम्प्रेसर बसला किंवा बिघाडाचे मूळ कारण तसेच राहिले, तर हाच खर्च त्याच उन्हाळ्यात पुन्हा करावा लागू शकतो. घरातील वृद्ध रुग्णाला भरउन्हात सावंगी मेघे किंवा नागपूरच्या रुग्णालयात न्यावे लागणाऱ्या कुटुंबासाठी हा केवळ चैनीचा प्रश्न राहत नाही.

हा निर्णय आत्ताच का महत्त्वाचा?

खासगी कारची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओकडे तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटार वाहनांचे नूतनीकरण शुल्क पाच हजारांवरून १० हजार रुपये केले. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि वाहनांच्या सुट्या भागांनाही सरसकट १८ टक्के दर लागू झाला. पूर्वी यातील अनेक भागांवर २८ टक्के कर होता.

म्हणजे नवी छोटी कार स्वस्त झाली आणि जुनीची दुरुस्तीही. ‘एमएच-२९’ क्रमांकाची २०१०-११ ची कार असलेल्यांपुढे नूतनीकरण आणि कॉम्प्रेसर हे दोन्ही खर्च एकाच वेळी उभे राहू शकतात. त्यामुळे कॉम्प्रेसरवर पैसे घालण्यापूर्वी गाडी आणखी किती वर्षे ठेवायची, हे आधी ठरवलेले बरे.

कॉम्प्रेसर खरेच गेला आहे का?

डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमधून आलेला कमी दाबाचा गॅस दाबून पुढच्या जाळीकडे, म्हणजे कंडेन्सरकडे ढकलणे, हे कॉम्प्रेसरचे काम. गारवा नाही म्हणजे तोच बिघडला, असे नाही. फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, क्लचची कॉइल, कंडेन्सरचा पंखा, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा साधी गॅसगळती यांपैकी काहीही कारण असू शकते.

उत्तर गेजवर मिळते. एसी सुरू असताना दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल, तर बहुधा गॅस कमी आहे. दोन्ही बाजूंचा दाब जास्त असेल, तर संशय कंडेन्सर, पंखा किंवा जादा भरलेल्या गॅसवर जातो. क्लच लागूनही दोन्ही काटे जवळजवळ सारखेच राहिले, तर कॉम्प्रेसर गॅस दाबत नाही, असे मानायला आधार मिळतो. क्लच किंवा त्याचे बेअरिंग एवढेच खराब असेल, तर अनेक मॉडेलमध्ये तेवढाच भाग बदलता येतो.

यवतमाळमध्ये कंडेन्सरकडे विशेष लक्ष हवे. तो रेडिएटरच्या पुढे असतो. रस्त्याची धूळ, हंगामात कापसाचे तंतू आणि वणी परिसरात कोळशाची भुकटी त्याच्या जाळीत बसते. उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि त्याचा ताण कॉम्प्रेसरवर येतो. ही जाळी साफ न करता नवा कॉम्प्रेसर बसवला, तर त्यालाही तोच ताण सोसावा लागतो.

गाडीचे नाव का पुरत नाही?

एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे कॉम्प्रेसर वेगळे असू शकतात. उत्पादनाच्या मधल्या काळात कंपनी पुरवठादारही बदलते. दुकानात फक्त ‘अमुक गाडी, २०११’ असे सांगितले, तर दिसायला तसाच, पण न जुळणारा भाग हाती पडू शकतो.

खरी ओळख असते जुन्या कॉम्प्रेसरच्या अंगावरच्या पट्टीवर. तिथे निर्मात्याचे नाव, मॉडेल क्रमांक, बहुतेकदा गॅसचा प्रकार आणि काही वेळा तेलाचा प्रकारही दिलेला असतो. हा क्रमांक बोलका असतो. सँडेनच्या ‘एसडी-७एच१५’मध्ये सात पिस्टन असून क्षमता १५५ घनसेंटिमीटर आहे. ‘एसडी-५एच१४’मध्ये पाच पिस्टन आणि १३८ घनसेंटिमीटर. डेन्सोच्या ‘१०पीए१७’मध्ये १० सिलिंडर आणि १७८ घनसेंटिमीटर. क्षमता कमी पडली तर गारवा कमी. जास्त झाली तर छोट्या इंजिनावर ओझे आणि इंधनाचा खर्च.

क्रमांकासोबत आणखी पाच गोष्टी पडताळाव्यात : ब्रॅकेटच्या छिद्रांची जागा, पुलीचा व्यास, तिच्यावरील खाचांची संख्या, पाइप जोडण्याच्या तोंडांची दिशा आणि विजेचा कनेक्टर. गॅस दाबण्याची क्षमता कायम आहे की बदलती, हेही पाहावे. बदलत्या क्षमतेच्या काही कॉम्प्रेसरना क्लच नसतो; त्यांचा कंट्रोल व्हॉल्व्ह गाडीच्या संगणकाशी जोडलेला असतो. त्या जागी साधा क्लचवाला बसवून चालत नाही.

पट्टी पुसली गेली असेल, तर आरसी बुकातील चासी क्रमांक अधिकृत वितरकाकडे देऊन सुट्या भागाचा क्रमांक मिळवता येतो. शेव्हर्लेची भारतातील विक्री २०१७ मध्ये थांबली. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. टव्हेरा, बीट, फिगो यांसारख्या गाड्यांच्या मालकांसाठी म्हणूनच कॉम्प्रेसरच्या मूळ निर्मात्याचा क्रमांक अधिक उपयोगी. गाडीची कंपनी गेली, तरी सुटे भाग बनवणारी कंपनी बाजारात असू शकते. सुब्रोस, सँडेन, डेन्सो, हॅनॉन ही यातील ठळक नावे.

नवा, रीबिल्ट की भंगारातला?

नव्या कॉम्प्रेसरची किंमत सर्वाधिक, पण वॉरंटी लेखी मिळते. रीबिल्ट म्हणजे जुना उघडून सील, बेअरिंग, झिजलेले भाग बदललेला. काम नीट झाले असेल तर तो चांगला पर्याय ठरतो. मात्र कोणते भाग बदलले हे विचारावे आणि वॉरंटी लेखी घ्यावी. केवळ धुऊन, रंग देऊन ठेवलेला कॉम्प्रेसर रीबिल्ट नव्हे.

भंगारातल्या भागात मोठी जोखीम ओलाव्याची. तोंडे उघडी ठेवून महिनोन्‌महिने पडलेल्या कॉम्प्रेसरमधील तेल हवेतील ओल शोषते आणि आतले भाग गंजतात. असा भाग घ्यायचाच, तर तोंडे बुचांनी बंद असलेला आणि हाताने फिरवल्यावर न अडकणारा घ्यावा.

गॅस आणि तेल जुळले नाही तर?

१२-१५ वर्षांच्या कारमध्ये सहसा ‘आर-१३४ए’ गॅस असतो. त्याच्याशी साधारणपणे पॅग तेल वापरतात. ते ४६, १००, १५० अशा दाटपणात मिळते. नव्वदच्या दशकातील काही गाड्यांत ‘आर-१२’ आणि मिनरल तेल होते. ओझोन थराला घातक असल्याने या गॅसचा वापर भारतात २०१० पासून बंद झाला. तेलाचा प्रकार किंवा दाटपणा चुकला, तर वंगण नीट पोहोचत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. टव्हेरासारख्या मागच्या आसनांसाठी वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या गाड्यांत गॅस आणि तेल दोन्ही जास्त लागते.

‘आर-१३४ए’ची हवामान तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. किगाली करारानुसार भारतात अशा गॅसचा वापर २०२८ मध्ये गोठवला जाईल आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटेल. तो उद्या बंद होणार नाही, पण पुरवठा आक्रसेल तसा भेसळीचा मोह वाढू शकतो. २०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये शीतकंटेनरच्या कॉम्प्रेसरचे स्फोट होऊन कामगार दगावले; संशय बनावट ‘आर-१३४ए’वर होता. स्वस्त म्हणून एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस भरणे तर सरळ धोक्याचेच.

नवा कॉम्प्रेसरही लवकर का जातो?

जुना कॉम्प्रेसर आतून झिजून जाम झाला असेल, तर धातूचा चुरा पाइप, कंडेन्सर आणि व्हॉल्व्हमध्ये पसरलेला असतो. तो नव्या कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचला, की पुन्हा तेच. म्हणून जुना काढल्यावर त्यातील तेल पाहावे. ते काळे किंवा चमकदार कणांचे असेल, तर पाइप फ्लश करणे आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलणे गरजेचे. बारीक नळ्यांचे कंडेन्सर फ्लशने पूर्ण साफ होत नाहीत. अशा वेळी तेही बदलावे लागतात.

ड्रायर प्रत्येक वेळी नवाच हवा. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, तो टिकतो का याची तपासणी आणि मग बॉनेटखालच्या पट्टीवर दिलेल्या ग्रॅमनुसार वजन करून गॅस. नव्या कॉम्प्रेसरमध्ये आधीच किती तेल आहे, हेही पाहावे लागते. फ्लश, ड्रायर आणि व्हॅक्यूम वगळून दिलेले अंदाजपत्रक स्वस्त दिसते, पण ते अपुरे असते.

बिलात काय असावे?

पक्क्या जीएसटी बिलावर कॉम्प्रेसरचा निर्माता, क्रमांक, नवा की रीबिल्ट, वॉरंटीचा काळ, तेलाचा प्रकार, गॅसचे वजन आणि बदललेले इतर भाग लिहून घ्यावेत. जुना कॉम्प्रेसर परत मागावा. बदलून दिल्यास किमान त्यावरील पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

वाद झालाच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारांना तक्रार शुल्क नाही. मात्र बिलावर फक्त ‘एसी काम’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोणता भाग बसवला हे सिद्ध करणे कठीण जाते. दुकानात जाण्यापूर्वी काढलेला त्या पट्टीचा फोटो योग्य भाग शोधायला उपयोगी पडतो आणि पुढे वाद झाल्यास पुरावा म्हणूनही.