हूड फेकू नका, यार!

स्पोर्ट्‌स कार म्हटलं की डोळ्यांसमोर येतो केसांत भरलेला वारा. पावसाचं काय? १९५५ ते १९६२ दरम्यान बनलेल्या ब्रिटिश एमजीए रोडस्टरला वर-खाली होणाऱ्या काचाच नव्हत्या. दाराला बाहेरून हँडलही नाही! साइडस्क्रीनच्या झडपेतून हात आत घालायचा आणि दोरी ओढायची. बस्स.

अशा गाड्या रिस्टोअर करताना इंजिन, क्रोम, रंग यांवर पैसा ओततात. कुजलेलं हूड मात्र पहिल्याच दिवशी कचऱ्यात. अहो, तेच तर माप असतं! शिवण कुठे, टिचबटण कुठे, सगळं त्यावरच सापडतं.

हे मला पटलं ते गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला. नागपूर-रायपूर हायवेवरचं गाव, पाऊस धो-धो. तिथला एक कुशनवाला जीपचं जुनं हूड उसवून जमिनीवर पसरतो आणि खडूनं नव्या कॅनव्हासवर उतरवतो. टिचबटणं सगळ्यात शेवटी, कापड गाडीवर ताणून बघितल्यावरच. सुती कॅनव्हास भिजलं की आखडतं ना! ‘फाटकं असू द्या जी, पण आणा,’ म्हणाला. एमजीए त्यानं पाहिलेली नाही. मला तरी त्यानं फरक पडत नाही.

घरच्या शेडमध्ये अशी एखादी गाडी धूळ खात असेल, तर आधी सीटमागे हात घाला. साइडस्क्रीन तिथेच ठेवायचे.