झोपेतही जागणारी चौकी

मागे आमच्या वस्तीतले एक भाऊ रात्री दारू पिऊन आले आणि वर झोपेच्या गोळ्या घेऊन निपचित पडले. घरची माणसे म्हणाली, "पडू द्या, सकाळी उतरेल." शेजारच्या नर्सताईंनी छातीकडे पाहिले. श्वास मध्येच थांबत होता. रातोरात दवाखान्यात नेले म्हणून माणूस हाती लागला. दारूचा श्वासाशी काय संबंध, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला. ताईंकडून जे कळले आणि पुढे आम्ही जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांना जोडणारा देठासारखा भाग म्हणजे मस्तिष्कस्तंभ. त्यात मज्जापेशींचा एक छोटासा पुंजका आहे. या पेशी एकाच वेळी चेततात, तो संदेश छातीच्या स्नायूंना आणि श्वासपटलाला पोचतो आणि आपण श्वास घेतो. मग पेशी गप्प होतात, श्वास बाहेर पडतो. पुन्हा चेततात. मिनिटाला १२ ते २० वेळा, दिवसाला सुमारे २० हजार वेळा हे चालते; आपण झोपलो तरी खंड नाही.

१९९१ साली अमेरिकेत जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदराच्या मस्तिष्कस्तंभाची पातळ चकती काढून द्रावणात ठेवली. शरीर नाही, फुप्फुस नाही, तरी त्या चकतीतील पेशींचा ठेका चालूच राहिला! या पुंजक्याला प्री-बॉट्झिंगर असे नाव आहे.

रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मस्तिष्कस्तंभाला ते कळते आणि तो ठेका वाढवतो. म्हणूनच हट्टाने श्वास कोंडून फार वेळ राहता येत नाही. पण दारू आणि झोपेची गोळी या चौकीलाच गुंगी आणतात. दोन्ही एकत्र पोटात गेली तर धोका फारच वाढतो. ठेका मंदावतो, कधी कायमचा थांबतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, दारूवर गोळी कधीही घेऊ नका. प्यालेला माणूस हलवून उठत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेत असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर पडत असेल, तर "उतरेल" म्हणून सोडून देऊ नका. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत जवळ बसून राहा. लोक काय म्हणतील, याचा विचार नंतर करू.