सात दिवसांचा कायदा आणि खुर्चीचे वतन

मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला ढोकीचा शेतकरी निघतो, तेव्हा राज्यात प्रशासकीय सुधारणा किती झाल्या हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. आपला अर्ज कोणाच्या टेबलावर अडला आहे, एवढेच त्याला हवे असते. तलाठ्याचे नाव 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, अर्ज संगणकावर गेला. तो पुढे सरकतो मात्र माणसाच्याच मर्जीने!

कायद्यांची वानवा आहे काय? मुळीच नाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने बदल्यांचे विनियमन आणि दप्तरदिरंगाईला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा झाला. सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांहून अधिक काळ राहू नये, अधिकाऱ्याला एका पदावर तीन वर्षे मिळावीत, ही त्याची आज्ञा. त्याच कायद्यात 'विशेष प्रकरणी' कारणे नोंदवून मुदतपूर्व बदलीची वाटही ठेवली गेली आणि त्या पळवाटेचा पुढे राजमार्ग झाला. २००५ च्या तुकडीचे तुकाराम मुंढे यांच्या वीसहून अधिक बदल्या झाल्या. काम अडवणाऱ्याची बदली इतक्या तत्परतेने झाल्याचे कोणी ऐकले आहे?

पुढे २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला. मुदतीत सेवा न दिल्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड! परंतु पहिले अपील वरिष्ठाकडे, दुसरे त्याच्याही वरिष्ठाकडे; दोघेही त्याच खात्याचे. घरचाच न्यायाधीश घरच्याच माणसाला कितीसा दंड करणार? वतनदाराला जाब विचारणे कठीण, हे ओळखून शिवछत्रपतींनी वतनांऐवजी रोख वेतनावर भर दिला होता. आज वेतन रोख आहे, खुर्चीचे मात्र वतन झाले आहे.

माणसेच नालायक, असे म्हणण्याचीही सोय नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा उद्ध्वस्त झाला. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. महसूल खाते तेच होते. फरक एवढाच, की तेव्हा काम कोणाचे हे ठरलेले होते आणि साऱ्या देशाचे लक्ष त्यावर होते.

२०२५ च्या शंभर दिवसांच्या मोहिमेत कार्यालयांची स्वच्छता आणि संकेतस्थळे तपासली गेली, हे स्वागतार्हच. आता मुदत उलटताच अपिलाची वाट न पाहता दंड लागला पाहिजे आणि रखडलेल्या अर्जांची यादी, टेबलासह, तहसीलच्या दारावर लागली पाहिजे. तोवर पहिले अपील तीस दिवसांत करायचे असते, हे ढोकीत किती जणांना कोणी सांगितले आहे?