चित्र मुलाचे, हातही मुलाचाच

चित्रकलेचा तास म्हणजे रिकामा तास, अशी अनेक शाळांची समजूत आहे. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिली गदा याच तासावर येते. तास झालाच तर फळ्यावर ठरलेला देखावा येतो : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, नारळाचे झाड आणि कौलारू घर. चाळीस मुले, चाळीस वह्या, देखावा मात्र एकच! पत्र्याच्या खोलीत राहणारे मूलही कौलारू घरच काढते. आपले घर चित्रात काढण्याजोगे नाही, हे त्याला कोणी न सांगताच कळलेले असते.

आम्हाला खटकते ते इथेच. ज्या समाजाने बोलण्याचा हक्क झगडून मिळवला, त्याच्या मुलांनी वहीच्या पानावर तरी मुके का राहावे?

एका वर्गात 'माझी सकाळ' हा विषय दिलेला आम्ही पाहिला. सहावीतल्या एका मुलीने सार्वजनिक नळ काढला, हंड्यांची लांब रांग काढली आणि त्या रांगेत पाठीला दप्तर लावून उभी असलेली मुलगी काढली. उशिरा येते म्हणून ती रोज बोलणी खात होती. तोंडाने जे कधी सांगता आले नाही, ते तिने खडूने सांगितले. बाईंनी ते चित्र वर्गाच्या भिंतीवर लावले. दुसऱ्या दिवसापासून बोलणी थांबली.

ही काही शिक्षकांची मेहेरबानी नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येच म्हटले आहे की, मुलाला भीती व दडपणापासून मुक्त करावे आणि मते मोकळेपणाने मांडण्यास मदत करावी. चित्रकलेचा तास हे त्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

मात्र विषय देताना तारतम्य हवे. 'माझ्या वडिलांचा व्यवसाय' हा विषय वरवर निरुपद्रवी वाटतो. पण ज्याचे वडील गटारे साफ करतात, ते मूल साऱ्या वर्गासमोर अंग चोरते. म्हणून दोन-तीन विषय द्यावेत आणि निवड मुलावर सोडावी. एखाद्या चित्रात घरातले भांडण वा मारहाण दिसली, तर त्याची वर्गात चर्चा करू नये. मुलाला एकटे गाठून मायेने विचारावे.

मातापित्यांनीही काही पथ्ये पाळावीत. 'हे काय काढलेस?' असे न म्हणता 'यात काय चालले आहे, सांग बरे' असे म्हणावे. मुलाच्या चित्रावर आपला हात फिरवू नये. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. चित्रामागे तारीख घालून ते जपून ठेवावे. महागड्या रंगपेटीवाचून काही अडत नाही. गेरू, कोळसा, हळद, चुना, जुनी वर्तमानपत्रे आणि घरची खळ एवढ्यावर वस्तीचा मोठा नकाशा किंवा चिकटचित्र सहज होते.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी तरी काय वापरले? माती आणि भाताच्या तुसाचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, गेरूसारखे खनिज रंग आणि दिव्याची काजळी. निळ्यासाठी तेवढा मोलाचा दगड दुरून आणला. या भिंतींवर जातककथा आहेत, राजवाडे आहेत, तसेच नोकरचाकर आणि साधी माणसेही आहेत. हा वारसा आपला आहे. तो सहलीत पाहून विसरण्यासाठी नाही.

म्हणून आमची सूचना आहे : प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार मुलांच्या चित्रांसाठी राखावा. भीमजयंतीला मुले बाबासाहेबांचे चित्र हुबेहूब काढतात, ते जरूर काढावे. त्याच्याच शेजारी आणखी एक कागद द्यावा : 'बाबासाहेब आज आपल्या वस्तीत आले, तर त्यांना काय दाखवशील?' त्या कागदांना क्रमांक नको, बक्षीस नको. फक्त मोठ्यांनी ते भिंतीजवळ उभे राहून नीट पाहावेत. वस्तीत काय दुरुस्त करायचे आहे, याची यादी तिथेच मिळेल.