‘किरकोळ जखमी’ घरी आल्यानंतर



पेपरात अपघाताची बातमी ठरलेल्या शब्दांत येते. अमुक ठार, तमुक गंभीर, बाकीचे किरकोळ जखमी. 20 नोव्हेंबर 2022च्या रात्री पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्या ठोकल्या, तेव्हा आपण चेपलेल्या गाड्या मोजत बसलो होतो. मला आज या ‘किरकोळ’ शब्दाविषयी बोलायचं आहे, कारण माझा धाकटा भाऊ असाच एक किरकोळ जखमी.

स्कूटर घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं, पण डिकीत. चार टाके पडले, सीटी स्कॅन नॉर्मल आला, तिसऱ्या दिवशी स्वारी घरी. आम्ही पेढे वाटले. पुढच्या दोन महिन्यांत हा आकड्यांचा पक्का माणूस गॅसवर दूध ठेवून विसरू लागला. पेला सांडला म्हणून पोराच्या थोबाडीत मारली, आणि तासाभराने विचारलं तर त्याला त्यात वावगं काही वाटतच नव्हतं. दिवसचे दिवस कोचावर. नातेवाईक म्हणाले, आयतं खायची सवय लागली. मीही म्हणाले, खोटं कशाला बोलू? एका मावशींनी अंगारा आणून दिला. हे सगळं त्या चार टाक्यांशी जोडणारा डॉक्टर भेटायला आठ महिने लागले.

त्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, द्रवात तरंगत असतो. डोकं एकदम थांबलं की तो आतल्या आत हिंदकळतो. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग हाडाच्या खडबडीत कडांवर घासतो, आणि आतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, तडा दिसतो. हे तुटलेले तंतू बहुधा दिसत नाहीत. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे माणूस नॉर्मल, असं गणित नाही. आणि नेमका कपाळामागचाच भाग जिभेला लगाम घालतो, रागाला आवरतो, उठून कामाला लागायला लावतो. तिथे इजा झाली की जे दिसतं त्याला आपण उद्धटपणा, आळस, नाटकं अशी नावं देतो. पुष्कळदा रोग्याला स्वतःला हा बदल जाणवतच नाही, आणि घरच्यांना हेच सर्वांत जड जातं. नवं काही लक्षात न राहणं, चटकन थकवा, झोपेचा विचका, उदासी, भीती हेही त्याच मारामुळे येतं. पहिल्या वर्षात नैराश्य फार जणांना गाठतं. ‘जगून काय करू’ असं तो म्हणाला तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका.

म्हणून विनंती अशी की डोक्याला मार लागून गेलेल्या माणसाचा स्वभाव बदलला, तर त्याच्याशी भांडण्याआधी वही घ्या. काय विसरतो, कधी भडकतो, किती झोपतो, तारखेसह लिहा. ती वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडेही जा; स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची चाचणी होते, ती मागून घ्या. ऐपत नसेल तर पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन मोफत आहे. दारू मात्र बंद. दुखावलेल्या मेंदूला ती थोडीही सोसत नाही, फिट येण्याचा धोका वाढतो. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण तिथे थांबत नाही, वर्ष-दोन वर्षं आणि पुढेही होत राहते.

नुकसानभरपाईचा दावा करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून 6 महिन्यांची मुदत लिहिली आहे. स्वभावातला फरक कळायलाच तेवढे महिने जातात. केवळ मोडलेल्या हाडाचे कागद लावून मोकळे होऊ नका. दिव्यांगांच्या 2016च्या कायद्यात 21 प्रकार मोजले आहेत, त्यात मेंदूच्या मारासाठी वेगळा रकाना नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

आजी-आजोबांचं वेगळंच असतं. न्हाणीघरात पाय घसरतो, टेंगूळ येतं, उतरतं. तीन-चार आठवड्यांनी आजोबा बरळतात, चालताना झुकतात, आणि आपण म्हणतो, वय झालं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कवटीखाली हळूहळू रक्त साठत असू शकतं. हे स्कॅनमध्ये दिसतं आणि वेळेत काढलं तर माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. पडल्याची तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कचेरीतल्या साहेबांनी डोक्याला मार लागलेल्या माणसाला पहिले काही आठवडे अर्धा दिवस काम द्यावं, सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात. गणपती मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, ढोल-ताशा हा आपला अभिमान आहे, माझाही आहे. पण अशा डोक्याला तो आवाज घणासारखा लागतो. गल्लीत असा रोगी असेल तर त्याच्या खिडकीखाली सराव करू नका. दहा घरं पुढे सरकलात तरी खूप झालं.

आणि हेल्मेट. 2019च्या जानेवारीत पोलिसांनी सक्ती सुरू केली, तेव्हा पुण्यात विरोधाचं आंदोलन झालं, हेल्मेटऐवजी पगडी घालून लोक रस्त्यावर आले. आम्ही दोघं भावंडं त्याचा फोटो बघून पोट धरून हसलो होतो. हेल्मेटने सगळं टळतं असा माझा दावा नाही. पण ते डिकीत ठेवायची वस्तू नव्हे.

शेवटची विनंती भेटायला येणाऱ्यांना. एका वेळी एकानेच बोला, टीव्ही लावू नका. आणि दारातून आत येताच ‘ओळखलंस का मला?’ असं विचारू नका. आपलं नाव सांगा आणि शेजारी बसा.