यंत्र दंडावर, गजर पुण्यात

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्री दीड वाजता पुण्याहून माझ्या एका मधुमेही पेशंटच्या मुलाचा फोन आला. "डॉक्टर, बाबांची साखर ५२ झालीय आणि घरी कोणी फोन उचलत नाही!" वडील आमच्या गावात, पण साखर उतरल्याचे आधी कळले ते पुण्याला. शेजारी माझेच पेशंट. त्यांना उठवले, त्यांनी दार ठोठावले. आजोबा घामाने भिजलेले, बोलणे असंबद्ध. पण गिळता येत होते. साखरपाणी दिले आणि प्रसंग टळला. फोन उशाशीच होता, आवाज बंद!

ही किमया दंडावर चिकटवलेल्या नाण्याएवढ्या सेन्सरची. त्याची केसासारखी तार कातडीखालच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजते आणि आकडा बिनतारी फोनला कळवते. तेथून तो इंटरनेटवरून कोठेही जातो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी हिंडत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख बिनतारी मिळवला, तेव्हा पाठीवरचे ओझे सुमारे ३८ किलो होते. आज ते काही ग्रॅमवर आले आहे.

मी या यंत्रांच्या विरोधात नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार आहे. पण मर्यादा ओळखाव्यात. सेन्सरचा आकडा रक्तातील साखरेच्या पाच-दहा मिनिटे मागे असतो. त्या कुशीवर झोपल्यास तो खोटाच कमी दिसू शकतो. शरीरातील पाणी बिनतारी लहरी शोषून घेते, त्यामुळे फोन दूर राहिला तर संदेश तुटतो. म्हणून लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर बोटातून रक्त काढून तपासावे. नुसता आकडा पाहून इन्सुलिनचा डोस मनाने बदलू नये.

माझे मत स्पष्ट आहे. परगावच्या मुलांनी आईवडिलांना सेन्सर जरूर लावावा. पण त्याच दिवशी शेजाऱ्याच्या हाती घराची एक किल्ली द्यावी आणि पुढील गोष्टी घरातील सर्वांना शिकवाव्यात. साखर ७० च्या खाली गेली तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. आणि रात्री फोनचा आवाज चालू ठेवावा. पुण्यात गजर वाजला तरी साखरपाणी द्यायला माणूस गावातच लागतो.